केसपेपरवरचा पत्ता

वैशाखातली एक संध्याकाळ. दवाखान्यात नेहमीसारखी गर्दी होती. एक बाई पाच-सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आल्या. मुलाची छाती भरलेली, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, डोळे लाल. महिनाभरातली त्याची ही तिसरी खेप. नेब्युलायझर लावला, औषध लिहून दिले आणि सवयीने म्हणालो, ''धूळ-धुरापासून जपा.'' बाई कसनुशा हसल्या. म्हणाल्या, ''डाक्तर, धूर आमच्या दारातच राहायला आलाय. त्याला कुठं पाठवू?''

त्या गेल्यावर आमचे कंपाउंडर केसपेपर लावून ठेवत होते. सहज बोलावे तसे ते बोलले, ''साहेब, आज खोकल्याची अकरा पोरं आली. त्यातली आठ डेपोमागच्या वस्तीतली.''

वाचकहो, अठ्ठावीस वर्षे मी प्रॅक्टिस करतो आहे. केसपेपरवरचे वय पाहतो, वजन पाहतो, मागचे औषध पाहतो. पत्ता मात्र कधी पाहत नाही. तो रकाना कंपाउंडरने भरण्यापुरता असतो, अशीच माझी समजूत होती. आजच्या लेखात म्हणूनच कोणत्याही गोळीची किंवा टॉनिकची माहिती नाही. आज पत्त्याविषयी बोलायचे आहे.

तसे पाहिले तर हा धडा आम्हाला कॉलेजात शिकवला होता. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती दाटलेली दिसली. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले होते. पण रुग्णाच्या घराचा पत्ता हे रोगाचे कारण असू शकते, हा त्याचा अर्थ मी पेपरातच सोडून आलो.

रस्त्यावर आडवी झालेली माणसे

कचरा कोणाच्या दारात पडतो, हा प्रश्न अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी चाळीस वर्षांपूर्वी मोठ्याने विचारला. ती हकीकत आपल्याकडे फारशी ठाऊक नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७८ साली काही लोकांनी रात्रीच्या वेळी ट्रकमधून विषारी तेल रस्त्याच्या कडेला सोडून दिले. थोडेथोडके नव्हे, सुमारे २४० मैल रस्त्यांच्या कडेने. त्या तेलात पीसीबी नावाचे रसायन होते. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते वापरले जाई. हे रसायन सहजासहजी नष्ट होत नाही. शरीरातल्या चरबीत साठते, वर्षानुवर्षे राहते आणि त्याने कर्करोग होऊ शकतो. अपराध्यांना शिक्षा झाली. पण विष शोषलेली हजारो ट्रक माती कुठे पुरायची?

सरकारने वॉरन काउंटीतले ॲफ्टन हे ठिकाण निवडले. वॉरनमध्ये बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, गरीब आणि शेतीवर जगणारे. तिथे भूजल फार खोल नव्हते आणि माणसे विहिरीचे पाणी पीत. कोर्टकचेऱ्या झाल्या, उपयोग झाला नाही. सप्टेंबर १९८२ मध्ये मातीचे ट्रक निघाले, तेव्हा स्त्री-पुरुष आणि मुले रस्त्यावर आडवी झाली. सुमारे सहा आठवडे हे चालले. पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली.

ट्रक थांबले नाहीत. माती तिथेच पुरली गेली. पुढे दोन दशकांनंतर ती उकरून, तापवून विषमुक्त करण्याचे काम सरकारलाच पूर्ण करावे लागले. म्हणजे लोक जे म्हणत होते ते वेडेपणाचे नव्हते.

या लढ्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. झाडे, नद्या, हवा यांच्यासाठी झगडणारी माणसे एका बाजूला आणि वर्णभेदाविरुद्ध झगडणारी दुसऱ्या बाजूला, असे तोपर्यंत चालले होते. वॉरनच्या रस्त्यावर दोघांचा प्रश्न एकच निघाला. रेव्हरंड बेंजामिन चेव्हिस यांनी त्याला 'पर्यावरणीय वंशभेद' असे नाव दिले आणि ते रूढ झाले.

मोजले तेव्हा काय दिसले?

आम्हा डॉक्टर मंडळींना हळहळ पुरत नाही, आकडा लागतो. तोही या लोकांनी दिला.

ह्यूस्टन शहरात १९७९ साली एका कृष्णवर्णीय वस्तीजवळ कचरा डेपो येणार होता. त्याविरुद्ध दावा चालवणाऱ्या वकीलबाईंनी आपल्या पतीला, समाजशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट बुलार्ड यांना, शहरातले सगळे डेपो नकाशावर मांडायला सांगितले. शहराच्या मालकीचे पाचही डेपो कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाले. कचरा जाळण्याच्या आठ भट्ट्यांपैकी सहा त्यांच्याच शेजारी. शहराच्या लोकसंख्येत मात्र हे लोक साधारण चौथा हिस्सा होते. दावा हरला, पण नकाशा राहिला. डॉ. स्नो यांच्या नकाशाचाच हा वंशज म्हणायचा.

१९८३ साली अमेरिकी संसदेच्या हिशेब तपासणी कार्यालयाने आग्नेयेकडच्या आठ राज्यांत पाहणी केली. घातक कचऱ्याच्या चार मोठ्या जागांपैकी तीन जागा कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत होत्या. १९८७ साली युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या संस्थेने देशभरचा अहवाल काढला. घातक कचऱ्याचा कारखाना कुठे असेल याचा अंदाज उत्पन्नावरून जितका येतो, त्याहून अधिक वंशावरून येतो, असे त्यात दिसले.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. माझे एक स्नेही सकाळी फिरायला बरोबर असतात. हे सगळे ऐकून ते म्हणाले, ''डॉक्टर, धूर काय जात बघून नाकात शिरतो? तुम्ही उगाच भलता विषय आणता. हा सगळा गरिबीचा प्रश्न आहे.''

त्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. धूर जात बघत नाही. पण धूर कुठून निघावा हे ठरवणारी बैठक माणसांचीच असते आणि माणसे सगळे बघतात. ज्या वस्तीतून विरोधाचा फोन येणार नाही, आला तरी कोणी उचलणार नाही, तिथे जागा 'योग्य' ठरते. गरिबी हे कारण आहेच. पण पैसा जमवून चार खोल्यांचे घर बांधल्यावरही जर डेपो तुमच्याच मागे येत असेल, तर निव्वळ गरिबीचे निदान अपुरे आहे. ताप उतरला आणि गाठ तशीच राहिली, तर आम्ही रुग्णाला बरा झाला म्हणत नाही.

पर्यावरणवाल्यांनाही यात ऐकून घ्यावे लागले. १९९० साली तिथल्या कृष्णवर्णीय, मूळनिवासी आणि लॅटिन वंशाच्या कार्यकर्त्यांनी दहा मोठ्या पर्यावरण संस्थांना पत्र लिहून विचारले की, तुमच्या कार्यालयांत आमची माणसे का नाहीत आणि तुमच्या कामात आमच्या वस्त्या का नाहीत? पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला त्यांची स्वतःची राष्ट्रीय परिषद भरली. १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला की, सरकारी खात्यांनी आपल्या निर्णयांचा अल्पसंख्य आणि गरीब वस्त्यांच्या आरोग्यावर होणारा परिणाम पाहावा. एकतीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, तो आदेश रद्द करण्यात आला. मिळालेले टिकतेच असे नाही, हेही यातून शिकण्यासारखे.

फ्लिंटचे पाणी

आता एका डॉक्टरणीची गोष्ट. ही वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

मिशिगन राज्यातले फ्लिंट हे तेव्हा लाखभर वस्तीचे शहर. निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय आणि गरिबी फार. शहराची तिजोरी रिकामी झाल्याने कारभार राज्याने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे होता. निवडून दिलेल्या नगरसेवकांच्या हाती काही उरले नव्हते. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराचे पाणी बदलून फ्लिंट नदीचे सुरू केले. हे पाणी नळांना खाणारे होते. तसे होऊ नये म्हणून पाण्यात जे औषध घालतात, ते घातले गेले नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू लागले.

लोकांनी तक्रारी केल्या. पाण्याला रंग येतो, वास येतो, मुलांच्या अंगावर पुरळ उठते. बाटल्या भरून अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या. उत्तर आले, पाणी ठीक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने या पाण्याने सुटे भाग गंजतात म्हणून ते घेणे बंद केले. लोखंडाची तक्रार ऐकली गेली. मुलांना तेच पाणी आणखी एक वर्ष प्यावे लागले.

डॉ. मोना हॅना-अटिशा या तिथल्या बालरोगतज्ज्ञ. आपल्या इस्पितळात झालेल्या मुलांच्या रक्ततपासण्यांचे आकडे त्यांनी काढले. रक्तात शिसे जास्त असलेल्या लहान मुलांचे प्रमाण पाणी बदलण्यापूर्वी २.४ टक्के होते, नंतर ४.९ टक्के झाले. ज्या भागांत पाण्यात शिसे सर्वाधिक होते, तिथे ते ४ टक्क्यांवरून १०.६ टक्क्यांवर गेले. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी पत्रकारांपुढे हे मांडले, तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी आधी त्यांनाच खोटे ठरवले. सरकारचे आकडे पिनकोडनुसार होते आणि तो पिनकोड शहराबाहेरच्या, हे पाणी न पिणाऱ्या घरांनाही लागू होता. त्यामुळे वाढ लपत होती. घराघराचा पत्ता नकाशावर मांडल्यावर ती स्पष्ट दिसली. पुन्हा तेच, केसपेपरवरचा पत्ता!

ऑक्टोबर २०१५ मध्ये जुने पाणी परत आले. याच काळात तिथे लीजनेअर नावाच्या न्यूमोनियाची साथ येऊन बाराजण दगावले होते. २०१७ साली मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने चौकशीअंती म्हटले की, या सर्वाच्या मुळाशी व्यवस्थेत मुरलेला वंशभेद आहे. कोणी एकाने ठरवून विष घातले, असे त्याचे म्हणणे नव्हते. ज्यांचे ऐकण्याची कोणाला सवयच नाही, त्यांच्या घरी संकट आधी येते आणि मदत शेवटी, हा त्याचा अर्थ.

शिशाविषयी चार शब्द सांगणे माझे काम आहे. शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही. मोठ्यांच्या तुलनेत मुलांचे शरीर पोटात गेलेले शिसे चार-पाच पट अधिक शोषते. रक्तात लोह कमी असेल तर आणखी जास्त. शिसे हाडांत साठते, गर्भारपणी आईकडून बाळाकडे जाते. मूल चिडचिडे होते, पोट दुखते, अभ्यासात मागे पडते. शिक्षक म्हणतात ढ आहे, आई म्हणते हट्टी आहे. मेंदूचे झालेले नुकसान भरून काढणारे औषध आमच्याकडे नाही.

आपला यात काय संबंध?

संबंध जुना आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला आणि भिंतीलगतच्या झोपड्यांतली माणसे सर्वांत आधी मेली. तोच वायू बनवणारा त्याच कंपनीचा दुसरा कारखाना अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावी होता. तिथली वस्ती बहुतांश कृष्णवर्णीय. ऑगस्ट १९८५ मध्ये तिथेही दुसऱ्या एका रसायनाची गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. कारखान्यात काय साठवले आहे हे शेजाऱ्यांना कळलेच पाहिजे, असा कायदा अमेरिकेत १९८६ साली झाला, तो या दोन गावांच्या दुःखातून.

आणि महाराष्ट्राला तर हे वेगळे सांगायला नको. पाण्याचा घोट हा माणुसकीचा प्रश्न आहे, हे महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जगाला दाखवले. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले होते. दोघांच्या समाजांचे दुखणे सारखे आहे, हे त्यांनी ओळखले होते. जात आणि वंश एक नव्हेत. पण घाण कोणाच्या वाट्याला, हे जन्मावरून ठरवण्याची रीत दोन्हीकडे ओळखीची आहे.

माझी सही

आता कबुली. आमची कॉलनी गावाच्या पश्चिमेला. काही वर्षांपूर्वी कचरा डेपो आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होता. माश्या, धूर, दुर्गंधी. आम्ही अर्ज केला. वकील, प्राध्यापक, व्यापारी, सगळ्यांच्या सह्या. सर्वांत वर माझी, कारण डॉक्टरची सही वजनदार. अर्जासोबत मी आरोग्याला होणाऱ्या धोक्याचे पानभर टिपणही जोडले होते. सहा महिन्यांत डेपो हलला. आम्ही पेढे वाटले.

तो कुठे गेला, हे मी विचारले नाही. तो गेला त्या बाईंच्या वस्तीमागे. त्या वस्तीत बहुतेक घरे कोणाची, तर पिढ्यान्पिढ्या या गावाचा कचरा ज्यांनी उचलला त्यांची. माझ्या टिपणातला शब्दन्‌शब्द खरा होता. दमा, खोकला, डोळ्यांचे विकार, सगळे. फक्त ते आता दुसऱ्यांच्या मुलांना होत होते आणि मी त्यांना फी घेऊन तपासत होतो.

तो डेपो आता पुन्हा हलवण्याचे घाटते आहे, आणखी एका पाड्याजवळ. या वेळी मी वेगळा अर्ज दिला आहे. डेपो हलवू नका, कमी करा. जाळणे थांबवा. ओला-सुका वेगळा करण्याचे बंधन नियमांनी घातलेले आहे, ते आधी आमच्या कॉलनीपासून अमलात आणा. या अर्जावर आतापर्यंत सात सह्या आहेत. मागच्यावर एकशे बारा होत्या.

एवढे करता येईल

१) मुलाला खोकला पुन्हा पुन्हा होत असेल, तर डॉक्टरांना घराजवळ काय आहे ते सांगा. कचरा जाळतात का, भट्टी आहे का, चुलीचा धूर होतो का. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा.

२) दारातला पालापाचोळा, प्लॅस्टिक, टायर जाळू नका. प्लॅस्टिकचा धूर शेकोटीच्या धुराहून अधिक घातक असतो.

३) जुन्या बॅटऱ्या फोडणे, जुना रंग खरवडणे, ही कामे मुलांजवळ करू नका. असे काम करणाऱ्यांनी घरी येताच कपडे बदलावेत, मगच लेकराला जवळ घ्यावे. शंका असल्यास रक्तातल्या शिशाची तपासणी होते.

४) पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते.

५) मुलांना जेवणापूर्वी हात धुवायला लावा. नाचणी, दूध, हिरव्या भाज्या, कडधान्ये द्या. लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल, तर शिसे कमी शोषले जाते.

६) आणि कोणतीही घाण हलवण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा. ती जाणार कुठे?

आमच्या दवाखान्यात आता केसपेपरवर वस्तीचे नाव, पिण्याचे पाणी आणि सरपण, असे तीन रकाने वाढवले आहेत. भिंतीवर गावाचा नकाशा लावला आहे. खोकल्याचे मूल आले की कंपाउंडर त्यावर लाल टिकली लावतात. महिनाभरात डेपोमागची जागा लाल झाली आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे. अर्जही तिथेच टेबलावर ठेवला आहे.